एकविसावा पाट

१

काचीगुड्याला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक एसटीडी बूथ होता आणि त्याला लागून झेरॉक्सचं दुकान. दोहोंच्या मधून एक अरुंद जिना वर जायचा. त्या जिन्याच्या वरच्या टोकाला मराठी वस्तुसंग्रहालय आहे, हे खाली वर्षानुवर्षं झेरॉक्स काढणाऱ्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं. दोन खोल्या आणि एक लांबट दालन, एवढाच पसारा. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी दिलेल्या वस्तू तिथं मांडल्या होत्या. तांब्याचे हंडे, वकिलांचे काळे कोट, मोडी कागदांचे रुमालात बांधलेले गठ्ठे, भाता फाटलेली एक बाजाची पेटी. आणि दालनात भिंतीशी रचून ठेवलेले वीस शिसवी पाट, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेले.

हे सगळं सुशीलाबाई सांभाळायच्या. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, नल्लकुंट्याला एकट्याच राहायच्या. संग्रहालयाचा पगार नव्हता, होता तो फक्त मान. तोही बाईंनी स्वतःच स्वतःला द्यायचा. घरी बसून केबलवरची नवी नवी चॅनेलं बघण्यापेक्षा हे बरं, असं त्या लोकांना सांगत. खरी गोष्ट अशी की ही जागा नसती तर सकाळी उठून जायचं कुठं, हे त्यांना माहीत नव्हतं.

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतला पहिला सोमवार. बाई नेहमीप्रमाणे दहाला आल्या, कुलूप काढलं, आणि आधी बाहेरच्या फळ्यावर खडूनं आगामी कार्यक्रम लिहायला घेतले. नऊ तारखेला मुलांसाठी मोडीची ओळख. सोळाला तिळगूळ आणि हळदीकुंकू. तेवीस तारखेला, रविवारी दुपारी बारा वाजता, मदतनिधीसाठी जुन्या पद्धतीची पंगत. कुपनं संग्रहालयात मिळतील. खाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.’ मग हात झटकून त्या दालनात गेल्या.

एक पाट खिडकीजवळ जमिनीवर मांडलेला होता.

भिंतीशी एकोणीस उरले होते, म्हणजे हिशोब बरोबर होता. दत्तोबानं झाडताना काढला असेल आणि ठेवायचा राहिला असेल, असं म्हणून त्या उचलायला वाकल्या. तेव्हा त्यांना दिसलं की पाटाच्या डाव्या हाताला, जिथं जेवणाऱ्याचं पाण्याचं भांडं ठेवतात तिथं, फरशीवर एक ओलं वर्तुळ आहे. भांड्याच्या बुडाएवढं, अगदी गोल. दालन शनिवार दुपारपासून बंद होतं.

२

दत्तोबा म्हणजे संग्रहालयाचा शिपाई, राखणदार आणि झाडूवाला, सगळं एकाच धोतरात. वय पासष्ट. बाईंनी विचारलं तेव्हा त्याला रागच आला.

“म्या नाही बा. मला कायकू पडली पाट मांडायची? मी तर घरून डबा खाऊन येतो.”

“मग पाणी कुणी सांडलं?”

“कबुतर असंल.”

कबुतर भांड्यात पाणी घेऊन येत नाही, हे बाईंच्या ओठावर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. फडक्यानं वर्तुळ पुसलं, पाट परत रचला. डोक्याला त्या काळात दुसरे व्याप कमी नव्हते.

त्यातला सर्वांत मोठा व्याप म्हणजे हिम्मतराव. मूळचे नांदेडकडचे शेतकरी, आता दिलसुखनगरला बियाण्यांचे मोठे व्यापारी. नुकतीच कुठल्याशा परदेशी कंपनीची एजन्सीही घेतली होती. गेल्या दिवाळीत त्यांनी ही अख्खी इमारत विकत घेतली. पाडून काचेचं कॉम्प्लेक्स बांधायचा त्यांचा बेत होता. बाई आणि संग्रहालयाचे चिटणीस माधवराव त्यांना भेटायला गेले, तेव्हा माणूस गोड बोलला, पण मुद्द्याचंच बोलला.

“बाई, तुमची भांडीकुंडी चांगलीच हायेत. पण बघायला कोण येतंय? या शहरात त्यांच्यापायी खिशात हात घालणारी वीस माणसं मला दाखवा. माझ्यासकट वीस. वरचा मजला तुम्हाला ठेवतो. नाही जमलं तर पाडव्याला सामान उचला.”

माधवरावांनी तिथल्या तिथं पंगतीची कल्पना काढली. वीस पाट, वीस कुपनं. हिम्मतरावांचा चेहरा एकदम खुलला. पाटावर बसून, केळीच्या पानावर जेवून त्यांना वीस वर्षं झाली होती. “पण रीतीनं व्हायला पाहिजे हां,” ते म्हणाले. “आमचे वडील म्हणायचे, शेवटच्या माणसाचं होईस्तोवर पंगतीतून कुणी उठायचं नाही.”

“अगदी तसंच होईल,” बाईंनी शब्द दिला.

पाट त्यानंतरही जमिनीवर सापडत राहिला. रोज नाही, एक दिवसाआड. नेहमी खिडकीजवळ, आणि नेहमी डाव्या हाताला ते ओलं वर्तुळ. बाई फडकं घेऊन जायच्या आणि पुसायच्या. कुपनं मात्र जेमतेम सात खपली होती.

३

सोळा तारखेचं हळदीकुंकू छान झालं. पुढच्या खोलीत बायका मावत नव्हत्या. माधवरावांची मुलगी शिल्पा कॉम्प्युटरचा कोर्स करायची. तिनं तिथंच सगळ्यांना गाठून आठ कुपनं खपवली. “मावशी, मला मराठी वाचताना अजून problem होतो,” ती बाईंना म्हणाली, “पण विकायला काही वाचायला लागत नाही ना!” बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. पंधरा झाली होती. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना वाटलं की ही जागा राहील.

दोन वाजता शेवटची बाई गेली. सुशीलाबाई उरलेला तिळगूळ डब्यात भरत होत्या. दालनाचं दार बंद होतं. आतून आवाज आला, लाकूड फरशीवर सरकल्याचा. मग थोडा वेळ काही नाही. मग एक लांब, समाधानाचा भुरका.

बाईंना आधी हसू आलं. दत्तोबा लपून कढी पितोय, आणि मला सांगतो घरून खाऊन येतो! त्या उठल्या, आणि समोर जिन्यातून दत्तोबाच वर आला, खांद्यावर सतरंजीची गुंडाळी घेऊन. आत दुसरा भुरका झाला. तो दोघांनीही ऐकला.

“आत कोण जेवायलं बाई?” दत्तोबानं हळूच विचारलं.

बाईंनी शाळेत कित्येक मुलींना भुताच्या गोष्टी सांगितल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं. खालच्या इराण्याच्या हॉटेलातला आवाज खिडकीतून येत असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि दार ढकललं. दालन रिकामं होतं. दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं आणि त्या उन्हात पाट मांडलेला होता. वर्तुळातलं पाणी अजून हलत होतं. बाईंनी पाटावर तळहात ठेवला. ज्या भागावर ऊन नव्हतं, तो भागसुद्धा ऊबदार होता, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा.

दत्तोबानं सतरंजी उंबऱ्यातच टाकली. “उद्यापासून मी खाली बसतो. झाडू तुम्हीच मारा.”

“एक आठवडा, दत्तोबा. पंगत होऊ द्या. मग हवं तिथं बसा.”

त्या विनवणीच्या सुरात बोलल्या. असं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणूनच बहुधा तो थांबला.

४

सोमवारी सकाळी बाईंनी आणि दत्तोबानं मिळून पाट मोजले. मोठ्यानं, एकेकाला हात लावून. बरोबर वीस. मग सुतळीनं आडवे-उभे वेढे देऊन ती चळत आवळली आणि बाईंनी स्वतःच्या हातानं गाठ मारली. आता कसा उतरतो बघू, असं त्या म्हणाल्यासुद्धा.

मंगळवारी सुतळी जशीच्या तशी होती. गाठही तीच. आत वीस पाट होते. आणि खिडकीजवळ एक पाट मांडलेला होता.

तीच शिसव, तीच पितळी फुलं. बाई भिंतीला धरून खाली बसल्या आणि दत्तोबाला माधवरावांना बोलवायला पाठवलं.

माधवरावांची हयात सचिवालयात गेली होती. ते आले, चष्मा पुसला, तीनदा मोजलं. मग संग्रहालयाचं नोंदणी-रजिस्टर मागवून घेतलं आणि बोट फिरवत म्हणाले, “सुशीलाताई, परेशान नका होऊ. रजिस्टरात वीस आहेत, प्रत्यक्षात एकवीस. म्हणजे एकाची नोंद राहून गेली. ऑफिसात हे नेहमीचं होतं.”

“आणि कालपर्यंत वीस होते ते?”

“काल मोजायला चुकलात.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सुबक अक्षरात लिहिलं, ‘शिसवी पाट, नग एक, देणगीदार अज्ञात.’ नंबराची चिठ्ठी पाटाखाली चिकटवली, सही केली, तारीख घातली. “झालं. आता रीतसर आपल्याकडचा झाला.”

आणि गंमत म्हणजे बाईंना खरंच हायसं वाटलं. कागदावर आलेली गोष्ट निम्मी तरी समजल्यासारखी वाटते. त्या दिवसापासून पाट जागचा हलला नाही. ओलं वर्तुळ उमटलं नाही, भुरका ऐकू आला नाही. तो खिडकीशी नुसता मांडलेला राहिला. उचलून बाकीच्यांत ठेवावा असं बाईंच्या रोज मनात यायचं, पण हात पुढे व्हायचा नाही. लवकर आलेला पाहुणा जेवणाची वेळ होईपर्यंत गप्प बसून राहतो, तसं त्यांना त्या पाटाकडे बघून वाटायचं.

शुक्रवारी विसावं कुपन खपलं.

५

रविवारी बाराला दालन नटलं. दहा-दहाच्या दोन समोरासमोर ओळी, पाटांभोवती रांगोळी, उदबत्त्या. बाईंनी दत्तोबाला सकाळीच ताकीद दिली होती की खिडकीपाशी पान मांडायचं नाही. त्यानं मांडलं नाहीच. पण पाहुण्यांचे नमस्कार घेऊन बाई आत आल्या, तर खिडकीकडच्या ओळीच्या टोकाला अकरावं पान होतं, मीठ-लिंबू वाढून तयार.

“तिथं पाट होता ना मावशी,” शिल्पा म्हणाली. “मला वाटलं कोणी late येणारंय.”

मंडळी बसली होती. मांडलेलं, मीठ वाढलेलं पान पंगतीतून उचलायचं कसं? बाईंना ते काही जमलं नाही. आणि नेमके हिम्मतरावच, वारा येतो म्हणून, त्या रिकाम्या पाटाशेजारी ऐसपैस बसले होते.

वरणभात आला, तूप आलं. श्लोक झाला. वाढपी ओळीनं जात होते आणि शेवटच्या पानावरही वाढत होते, कारण वाढप्याचा हात पान दिसलं की आपोआप खाली जातो. पुरणपोळी, अंबाडीची भाजी, भरली वांगी, कढी. दालनात जेवणाचा तो भरलेला, सुखाचा आवाज सुरू झाला. म्हातारी माणसं लहानपणच्या लग्नांबद्दल बोलू लागली. हिम्मतरावांनी बाह्या वर सारल्या होत्या आणि ते हरखून जेवत होते. बाई ओळींमधून फिरत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत होत्या. खिडकीकडे त्या बघत नव्हत्या.

एकदा मात्र नजर गेली. शेवटच्या पानावरची लिंबाची फोड पिळलेली होती. भाताच्या मुदीत वरणासाठी आळं केलेलं होतं. थोड्या वेळानं परत बघितलं, तेव्हा पोळी अर्धी होती. ती बोटांनी तोडलेली दिसत होती.

आपल्या चष्म्याचा नंबर वाढलाय, वाढप्यानंच अर्धी वाढली असेल, असं बाईंनी तीनदा स्वतःला सांगितलं. चौथ्या वेळी स्वतःचंच ऐकायचं त्यांनी सोडून दिलं.

एकेकाचं होत आलं. हिम्मतरावांच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ टिटिट् वाजलं. त्यांनी ते बघितलं, कपाळाला आठी घातली आणि एक गुडघा वर घेतला. ते उठले की ओळ उठणार. शब्द मोडला म्हणून ते उद्या काहीही म्हणतील, जागा जाईल. पण त्या क्षणी बाईंना त्याहून मोठी भीती दुसरीच वाटली. त्या टोकाच्या पानावर अजून कढी होती, भात होता. ज्याचं जेवण चाललंय त्याला अर्धपोटी उठवलं तर तो काय करील?

“हिम्मतराव, थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “एक पान व्हायचंय.”

कुणाचं ऐकून थांबणारा तो माणूस नव्हता. तरी तो अर्धा उठलेला खाली बसला, एकदम, धपकन. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. “बसतो, बसतो,” तो म्हणाला. पण ते बाईंकडे बघून नव्हे.

आता सगळ्यांनीच तिकडे बघितलं. बोलणी एकेक करून थांबली. खालून झेरॉक्सच्या यंत्राचा आवाज येत होता, स्टेशनात गाडीची शिटी झाली. आणि मग दालनात, सगळ्यांच्या देखत, एक भुरका झाला. कढीचं आळं भातातून आटत गेलं.

कुणीही उठलं नाही. वीस माणसं सुकलेले हात पानावर धरून बसून राहिली. पळून जाण्याइतकं भान असतं तर ती पळालीही असती, पण शेवटच्याचं व्हायच्या आत उठायचं नाही हे लहानपणी दटावून दटावून अंगात मुरवलेलं होतं, आणि आता तेच त्यांच्या कामी आलं. माधवराव बारीक, चिरक्या आवाजात सवयीनं म्हणाले, “सावकाश होऊ द्या.”

दहीभात राहिला होता. वाढपी दाराशी थिजला होता. बाईंनी त्याच्या हातातली स्टीलची बादली घेतली आणि चालत टोकापर्यंत गेल्या. त्या चौदा-पंधरा पावलांत त्यांना रडू येत होतं, तेही भीतीपेक्षा लाजेचं, की आपण या वयात किती घाबरलो आहोत. त्या वाकल्या. बादलीच्या लकलकीत अंगावर त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्याच्या खाली, पाटाच्या उंचीवर, एक खाली घातलेलं डोकं दिसलं. विरळ केसांचं, घाईघाईनं जेवणारं. चावताना कानामागची शीर हलत होती. शीर हलायची थांबली, डोकं वर होऊ लागलं, आणि बाईंनी बादली फिरवली.

“दहीभात वाढू?” त्यांनी विचारलं.

त्यांनी भाताचा डाव खाली नेला. पानाच्या वीतभर वर तो थांबला. खाली काही नव्हतं, तरी डाव पुढे जाईना. नको म्हणताना जेवणारा पानावर आडवे हात धरतो आणि वाढप्याचा डाव त्या हातांना हळूच टेकतो, तसा तो टेकला होता.

“पोट भरलं?”

पानाची बाईंकडची कड उचलली गेली. पान हळूहळू पाटाकडे मिटत आलं आणि मधल्या शिरेवर घडी पडली. खिडकीतून वारा आला. टोकाचा पाट मग नुसता लाकडी पाट राहिला. हे बाईंना कसं कळलं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण दालनातल्या प्रत्येकाला ते त्याच क्षणी कळलं, कारण वीसच्या वीस माणसांनी एकदम श्वास सोडला.

“उठा आता,” सुशीलाबाई म्हणाल्या, आणि बादली खाली ठेवली.

६

मागच्या सज्जातल्या नळावर हात धुवायला झुंबड उडाली. लोक मोठमोठ्यानं बोलत होते, विनाकारण हसत होते, एकमेकांना विडे देत होते. झालेल्या गोष्टीबद्दल चकार शब्द कुणी काढत नव्हतं. पण घरी जायची घाईही कुणाला नव्हती. दोघातिघांनी माधवरावांना विचारलं की पुढची पंगत कधी. दत्तोबा पत्रावळीवर दुसऱ्यांदा भात घेऊन बसला होता आणि त्याला मात्र खरंच भूक लागलेली होती.

हिम्मतराव सर्वांत शेवटी नळावर आले. त्यांनी बराच वेळ हात धुतले, रुमालानं पुसले, परत धुतले.

“वीस माणसं दाखवा म्हणालो होतो,” ते म्हणाले. “तुम्ही एकवीस बसवली.”

बाईंनी वाहता नळ बंद केला.

“इमारत पाडत नाही. वरचा मजला तुमचा. खाली शोरूम करतो, जिना तेवढा रुंद करून देतो. उद्या माधवरावांना पाठवा, कागद करू.”

बाईंनी सज्जाचा कठडा धरला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते वाहू दिलं. गेल्या महिन्याभराचं ओझं उतरलं होतं. उद्या सकाळी दहाला जायला जागा होती.

हिम्मतराव गेले नाहीत. ते डाव्या गुडघ्यावर हात चोळत उभे होते.

“बाई, मी उठायलो होतो ना, तर इथं हात ठेवला त्यांनी. दाबून नाही. असाच, बस म्हणून. ओला हात होता. कोण होते हो?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “भुकेले होते. जेवून गेले.”

“पान कुणीकडे मिटलं? मी डोळे झाकले होते.”

इकडे तेलुगू शेजाराच्या सवयीनं मराठी घरांतही हे बघतात. सुतकाच्या, श्राद्धाच्या जेवणात पान आपल्यापासून लांब मिटायचं, म्हणजे असा प्रसंग परत नको. जेवण आवडलं, पुन्हा यावंसं वाटलं, तर आपल्या अंगाकडे. बाईंनी ते बघितलं होतं आणि कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंही होतं. पण या माणसाशी खोटं बोलणं आता त्यांना बरं वाटेना.

“अंगाकडे,” त्या म्हणाल्या.

हिम्मतराव खाली मागच्या गल्लीतल्या रिक्षांकडे बघत राहिले. मग एकदम त्यांचे खांदे हलू लागले. बाईंना वाटलं माणूस रडतोय, पण ते हसत होते. इतके हसले की त्यांना कठड्याला टेकावं लागलं, आणि त्यांना बघून बाईंनाही हसू आवरेना.

“येतील तर येऊ द्या,” हिम्मतराव डोळे पुसत म्हणाले. “मीबी येईन, दर पंगतीला येईन. पण बाई, तुमच्या पाया पडतो, माझा पाट तेवढा समोरच्या ओळीत मांडा.”